एकनळी

मोरगिरीहून पहिल्या एस्टीनं साताऱ्याला.
पिशवीत परवाना, परवान्याला प्लास्टिक,
प्लास्टिकला रबर,
आणि रबराखाली तीन वर्षं:
तलाठी, पोलीस पाटील, फौजदार,
कलेक्टर कचेरीतला तो
जो दर खेपेला म्हणायचा, जेवणानंतर या.

भवानी पेठेत दुकान. पाटी इतकी विटलेली
की बंदुकांवरचे अनुस्वार उडून गेलेले.
आत काचेखाली काडतुसं, लाल, हिरवी,
शिंप्याकडच्या रिळांसारखी ओळीनं.
काउंटरमागचा माणूस चहात बिस्किट बुडवत होता
आणि बुडवतच राहिला.

"काय पाहिजे?"
बंदूक, म्हटलं.
"वाण्याकडं जाऊन वाणसामान म्हणता का?
बोर कुठलं? नळ्या किती?"

मला डुकरं माहीत.
कुठल्या ओघळीनं वर येतात,
मादी पुढं असते, पिलं मधी,
भुईमूग मुळासकट उपसून
शेंगा तेवढ्या खाऊन पाला कसा बाजूला ठेवतात,
जणू परत लावायचाय.
बोर माझ्या ओळखीचे दोनच:
एक बांधावरचं, एक पाण्याचं,
आणि पाण्याचं कोरडं.
तसं बोलून गेले.
कोपऱ्यातला पोऱ्या तोंडावर फडकं धरून आत पळाला.
हा मात्र हसला नाही.

भिंतीवरची एक काढून माझ्यापुढं धरली.
"एकनळी. खांद्याला लावा."
लावली. नळी कॅलेंडरवरच्या गणपतीकडं.
"बोट! बोट बाहेर!"
असा ओरडला की रस्त्यावरचा भंगारवाला
हातगाडी धरून उभाच राहिला.
रिकामीच हाय की, म्हटलं.
"रिकामी बंदूक असं काही नसतं.
घरात कोण कोण?
पितं का कुणी?
बांधावरनं केस चालू आहे का?
मालक कुठं असतात?"

मुंबईला, माथाडीत. परवाना माझ्या नावावर हाय.
ते पान त्यानं उजेडात धरलं.
शालन बाजीराव डुबल.
फोटोतला कान आणि माझा कान ताडून बघितला.
फौजदारानंसुद्धा एवढं विचारलं नव्हतं.
फौजदारानं फक्त विचारलं होतं
कोंबड्या किती हायत घरी.

मग मलाही चढलं.
म्हटलं, साहेब, साडीच्या दुकानात
शंभर घड्या मोडून तसंच उठलं
तरी पाणी विचारतात माणसाला.
तो म्हणाला,
"साडी बदलून मिळते."
एवढंच. आणि पावतीपुस्तक ओढलं.

पंचवीस काडतुसं मोजली.
परत माझ्याकडून मोजून घेतली,
एकोणिसाला मी चुकले, तर पहिल्यापासून.
पोऱ्यानं बंदूक पोत्यात गुंडाळून सुतळी आवळली.
येते, म्हटलं.
तो काचेवरचा बिस्किटाचा चुरा
तळहातानं गोळा करत होता.
"घरी गेल्यावर..." म्हणाला,
आणि पुढचं बोललाच नाही.
पैसे देणाऱ्याला इतका तुसडेपणा!
अख्खी वाट मी त्याला मनात शिव्या घातल्या,
नागठाण्यापर्यंत त्याच त्याच,
उंब्रजपासून नव्या.

ठाण्यात नोंद करून घरी पोचायला दिवे लागले.
लोखंडी कपाटाचं कुलूप शोधत होते,
तेवढ्यात धाकटा आला, सातवीतला,
पोत्यावर हात ठेवून म्हणाला,
आये, बघू की. रिकामीच हाय.

जे माझ्या तोंडून निघालं
त्यानं वरच्या आळीची कुत्री उठली.
पोरगं दारात दगडासारखं.
एरवी मी जवळ घेतलं असतं.
घेतलं नाही.
घरात कोण कोण, मोजत बसले:
सासरे, ज्यांना रात्रीचं दिसत नाही,
दीर, जो शनिवारी पितो,
हा,
आणि मी,
जिला अमावस्येला उगीच रडू येतं.
किल्ली पोलक्यात टाकली. गार लागली.

खाली भुईमुगात
डुकरं निवांत जेवत होती.